टोमॅटोचे रानातले सोयरे

भाजीच्या टोपलीत टोमॅटो नाही असा दिवस आता आपल्या घरात सहसा उजाडत नाही. आमटीत तो हवा, कोशिंबिरीत हवा, पावसाळी संध्याकाळच्या सारात हवा आणि पावभाजीत तर हवाच हवा. २०२३ च्या जुलैत त्याच्या किलोच्या भावाने शंभरी ओलांडली, तेव्हा तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जाऊन बसला. भाव कोसळले की हाच टोमॅटो क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतला जातो. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेने ते दुःख शाळकरी मुलांपर्यंतही पोहोचवले. चढ्या भावाचे रडणे गृहिणीचे आणि पडत्या भावाचे रडणे शेतकऱ्याचे, अशी दोन दुःखे या फळाच्या नावावर जमा आहेत. तिसऱ्या काळजीबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. बोकड्या, मर, करपा, सूत्रकृमी अशा शत्रूंनी घेरलेले हे नाजूक पीक मुळात तग कशाच्या बळावर धरते? आणि ते बळ उद्या आटले तर?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून निघून थेट दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पायथ्याशी जावे लागते. कारण टोमॅटोचे माहेर तिथे आहे. तिथे त्याचे गरीब, केसाळ, कडवट, कुणी ढुंकूनही पाहू नये असे नातेवाईक आजही दगडधोंड्यांत उगवतात. आपल्या ताटातल्या टोमॅटोची तब्येत या रानटी सोयऱ्यांच्या उपकारावर चालली आहे, हे सांगितले तर पटकन खरे वाटत नाही.

माहेर अँडीजचे, बारसे मेक्सिकोत

टोमॅटो आपल्याकडे पाहुणाच. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव ‘वेलवांगे’ असे होते, तर विदर्भात ‘भेदरे’ हा शब्द ऐकू येतो. पोर्तुगीजांबरोबर तो भारताच्या किनाऱ्याला लागला असे मानतात. वांगे, बटाटा आणि मिरची यांच्याच कुळातला हा गडी. ‘टोमॅटो’ हे नाव मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेतल्या ‘तोमाट्ल’ या शब्दावरून आले. पण त्याचे रानटी नातेवाईक इक्वेडोर, पेरू आणि चिली या देशांत आणि प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर राहतात. म्हणजे जन्म अँडीजच्या परिसरात आणि माणसाळणे बरेचसे मेक्सिकोत, असा त्याचा प्रवास झाला असावा.

प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर मूठभर बीच पुढे गेले. अँडीजमधून मेक्सिकोत थोडे, मेक्सिकोतून सोळाव्या शतकात युरोपात त्याहून थोडे, आणि तिथून जगभर त्यातलेच काही. त्यातच लागवडीचा टोमॅटो स्वतःच्याच परागांनी फळणारा. बाहेरचे रक्त येण्याची वाट जवळजवळ बंद. परिणाम असा झाला की बाजारात लांबट, गोल, चेरीएवढे, पावशेराचे असे कितीही टोमॅटो दिसले, तरी आतून ही सारी सख्खी भावंडे आहेत. रानटी नातेवाइकांत जेवढी आनुवंशिक विविधता आहे, तिच्या पाच टक्क्यांहूनही कमी लागवडीच्या टोमॅटोत उरली आहे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

रानातल्या या मंडळींच्या सुमारे बारा जाती आहेत. एक जात बेदाण्यासारखी चिमुकली लाल फळे धरते आणि ती खाताही येतात. बाकीच्या बहुतेकांची फळे पिकली तरी हिरवीच राहतात. एक जात चिलीतल्या अटाकामा या जगातल्या अत्यंत कोरड्या वाळवंटाच्या कडेने जगते. दुसरी तीन हजार मीटरच्या उंचीवर थंडी सोसते आणि अंगावरच्या चिकट, उग्र वासाच्या केसांनी किडींना दूर ठेवते. तिसरी गालापागोसच्या किनाऱ्यावर खारे तुषार झेलत उभी असते. या बेटावरच्या एका टोमॅटोचे रोप समुद्राच्या पाण्याइतक्या खारट द्रावणातही तगले, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. बाजारात यांना कुणी दमडी देणार नाही. पण दुष्काळ, थंडी, मीठ, कीड आणि रोग यांच्याशी लाखो वर्षे झुंजून जे शहाणपण यांनी कमावले, ते आपल्या लाडावलेल्या टोमॅटोजवळ नाही.

कासवाच्या पोटातून उगवलेले बी

हे शहाणपण गोळा करण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक माणूस म्हणजे चार्ल्स रिक. जन्म १९१५ चा. १९४० मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठात रुजू झाले आणि २००२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. १९४८ पासून ते पुनःपुन्हा अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांत जात राहिले. रानटी टोमॅटोचे बी गोळा करायचे, कुठे, किती उंचीवर, कशा जमिनीत सापडले याची बारीक नोंद करायची आणि डेव्हिसला आणून ते वाढवायचे, हा त्यांचा ध्यास.

गालापागोसच्या टोमॅटोने मात्र त्यांना चकवले. बी आणले, पेरले, पण ते उगवेचना. रिक यांनी विचार केला, की या बेटांवर ही फळे खाणारा कोण असेल? उत्तर होते, बेटांवरची प्रसिद्ध महाकाय कासवे. मग रॉबर्ट बोमन या शास्त्रज्ञाच्या साथीने कासवांना ती फळे खाऊ घालण्यात आली. कासवाचे पोट भलतेच सावकाश चालते. एक ते तीन आठवड्यांनी बी बाहेर पडले आणि काय आश्चर्य, ते भराभर उगवले! पोटातल्या पाचक रसांनी बियांचे चिवट कवच झिजवले होते. १९६१ मध्ये या दोघांनी हा शोध प्रसिद्ध केला. आता त्यासाठी कासव पाळावे लागत नाही. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये बी अर्धा-एक तास भिजवले की तेच काम होते.

ही नुसती गमतीची गोष्ट नाही. गालापागोसच्याच टोमॅटोत रिक यांना एक विशेष आढळला. टोमॅटोच्या देठावर मध्येच एक सांधा असतो, तो आपण रोज पाहतो. फळ ओढले की त्या सांध्याशी तुटते आणि देठाचा तुकडा फळाला चिकटून राहतो. ट्रकमध्ये ढीग लागला की तो तुकडा शेजारच्या फळात घुसतो. या बेटावरच्या टोमॅटोला तो सांधाच नव्हता. ते जनुक लागवडीच्या वाणांत आणल्यावर फळ देठाविना निघू लागले आणि यंत्राने तोडणी करून थेट कारखान्यात जाणाऱ्या टोमॅटोला ते वरदान ठरले. केचपच्या बाटलीत एका निर्जन बेटावरच्या झुडपाचा वाटा आहे तो असा.

नमुना क्रमांक ८३२

दुसरी गोष्ट १९६२ च्या डिसेंबरातली. ह्यू इल्टिस आणि डॉन युजेंट हे दोन अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञ पेरूच्या डोंगरांत रानटी बटाटे शोधत हिंडत होते. वाटेत त्यांना एक मरतुकडे टोमॅटोचे झुडूप दिसले. फळे गोटीहून लहान आणि हिरवट. आपला विषय बटाट्याचा असूनही त्यांनी झुडूप वाळवून ठेवले, त्याला ८३२ हा क्रमांक दिला आणि थोडे बी रिक यांच्याकडे पाठवून दिले.

रिक यांनी ते लावले आणि लागवडीच्या टोमॅटोशी त्याचा संकर केला. पुढे अनेक पिढ्या निवड करत गेल्यावर लाल, मोठ्या फळांची अशी रोपे मिळाली, की ज्यांच्या रसात साखर आणि इतर विरघळणारे घटक नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होते. कारखानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ आटवायला पाणी कमी, इंधन कमी आणि नफा जास्त. त्या हिरवट फळांची किंमत अमेरिकी टोमॅटो उद्योगाला वर्षाला ८० लाख डॉलर पडेल, असा हिशेब इल्टिस यांनी पुढे एका लेखात मांडला. १९७६ मध्ये ती जात विज्ञानाला नवीनच असल्याचे जाहीर झाले. म्हणजे ज्या दिवशी ते बी उचलले गेले, त्या दिवशी त्याला नावसुद्धा नव्हते. त्याचा उपयोग काय, असे कुणी विचारले असते तर दोघांनाही सांगता आले नसते.

आपल्या शेतातले उसने बळ

‘असेल अमेरिकेत, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणायची मात्र सोय नाही. टोमॅटोच्या बियाण्याच्या पाकिटावर रोगांना प्रतिकारक असल्याचे जे छापलेले असते, त्यातले बहुतेक बळ रानातून उसने आणलेले आहे. मर रोगाला तोंड देणारे जनुक १९४० च्या सुमारास बेदाण्याएवढ्या फळांच्या त्या रानटी जातीतून मिळाले. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला रोखणारे जनुक पेरूतल्या एका जातीतून आले. हा संकर तर होता होईना. फळात बी धरण्यापूर्वीच गर्भ मरून जाई. १९४४ मध्ये पी. जी. स्मिथ यांनी तो इवलासा गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवला. त्या एका रोपापासून आलेले जनुक आज जगभरच्या वाणांत आहे.

बोकड्याची कथा तर आपल्या देशातलीच. पांढरी माशी विषाणू घेऊन येते, पाने चुरडतात, झाड खुरटते आणि फळ धरत नाही. हरियाणातल्या हिसार येथे जी. कल्लू आणि एम. के. बॅनर्जी यांनी डोंगरावरच्या केसाळ रानटी जातीतून या रोगाविरुद्धचा प्रतिकार आपल्या टोमॅटोत आणला आणि १९९० मध्ये ते काम प्रसिद्ध केले. तिथल्या ‘एच २४’ या वाणातले जनुक पुढे तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने आपल्या वाणांत घेतले आणि तिथून ते अनेक देशांत पोहोचले. चिलीच्या वाळवंटाकडच्या जातीनेही याच रोगावर दुसरे जनुक दिले.

पण शत्रूही स्वस्थ बसत नाही. सूत्रकृमीचे ते जनुक जमीन फार तापली, म्हणजे २८ अंशांच्या पुढे गेली, की नांगी टाकते. शिवाय त्याला दाद न देणारे सूत्रकृमीही काही ठिकाणी निपजले आहेत. हिसारचे जनुकही काही विषाणूंपुढे एकटे पुरत नाही. त्याला जोडीदार द्यावा लागतो. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या टोमॅटोवर रंगांचे पट्टे उमटले, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले आणि बेंगळुरूच्या तपासणीत काकडीवर्गातल्या मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. उद्या कोणता रोग येईल हे कुणी सांगू शकत नाही. त्याचे उत्तर एखाद्या रानटी टोमॅटोजवळ असेल, तर ते बी आपल्या हाताशी असायला हवे.

चवीचेही तेच. ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ ही तक्रार घरोघरी असते. ७२५ टोमॅटोंच्या जनुकांची तुलना करणारे एक संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या टोमॅटोत नसलेली जवळपास पाच हजार जनुके त्यात सापडली. वासाशी आणि चवीशी नाते असलेल्या एका जनुकाचे एक रूप रानटी बेदाणा-टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक आढळते, तर लागवडीच्या जुन्या वाणांत ते जेमतेम दोन टक्के उरले होते. म्हणजे ही तक्रार अगदीच कल्पनेतली नाही.

थंड खोलीतला संसार

हे सारे बी राहते कुठे? जनुकपेढीत. नाव भारदस्त असले तरी ही जागा दिसायला साधी असते. बी आधी हळूहळू वाळवायचे, इतके की त्यात पाच-सहा टक्केच ओल उरावी. मग ते हवाबंद पाकिटात भरायचे आणि शून्याखाली १८ ते २० अंशांच्या थंडीत ठेवायचे. बियाणेशास्त्रात एक ठोकळ नियम आहे. ओल एका टक्क्याने कमी केली की बियाचे आयुष्य दुप्पट होते आणि तापमान पाच अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. टोमॅटोचे बी अशा थंडीत कित्येक दशके जिवंत राहते.

पण पेढी म्हणजे कुलूप लावून विसरून जायची तिजोरी नव्हे. ठरावीक काळाने थोडे बी काढून ते उगवते का हे पाहावे लागते. उगवण घटली की शेतात किंवा काचघरात लावून ताजे बी धरावे लागते. इथेच रानटी मंडळी रुसतात. कित्येक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. मग एका नमुन्याची चाळीस-पन्नास रोपे लावायची, सगळ्यांचा पराग गोळा करायचा आणि एकेका फुलाला हाताने लावायचा. रोपे कमी लावली तर नमुन्यातली विविधताच गळून जाते आणि नावाला बी उरते. शिवाय चिठ्ठी चुकली, पाकीट बदलले, तर पन्नास वर्षांची नोंद मातीमोल. लोणच्याच्या बरण्या सांभाळणाऱ्या आजीची शिस्त आणि बँकेच्या रोखपालाची सावधगिरी, दोन्ही इथे लागतात.

डेव्हिस येथे रिक यांच्या नावाने चालणाऱ्या केंद्रात चार हजारांच्या आसपास नमुने आहेत आणि त्यांतले हजारांहून अधिक रानटी जातींचे आहेत. तैवानच्या केंद्रातही टोमॅटोचे हजारो नमुने आहेत. आपल्याकडे दिल्लीला १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो स्थापन झाला. त्याचे एक केंद्र अकोल्याला आहे. एकाच जागी सगळे ठेवू नये म्हणून प्रती दुसरीकडे ठेवण्याची पद्धत आहे. नॉर्वेच्या स्वालबार बेटावर बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ मध्ये जगाची बियाणे-तिजोरी उघडली ती त्यासाठीच.

ही काळजी अनाठायी नाही. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय जनुकपेढीत २००६ मध्ये वादळाने चिखलपाणी घुसले आणि २०१२ मध्ये तिला आग लागली. सीरियातल्या युद्धाने अलेप्पोजवळची पेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये स्वालबारहून बी परत मागवावे लागले. आणि लेनिनग्राडची गोष्ट तर विसरू नये अशी. निकोलाय वाव्हिलोव यांनी जगभरातून जमवलेले बी तिथे होते. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला, लोक भुकेने मरू लागले, पण तिथल्या शास्त्रज्ञांनी भात, शेंगदाणे यांच्या पाकिटांना हात लावला नाही. त्यातले कित्येक जण उपासमारीने गेले. खुद्द वाव्हिलोव १९४३ मध्ये आपल्याच सरकारच्या तुरुंगात मरण पावले.

उपकाराची परतफेड

आता एक अवघड प्रश्न. नमुना ८३२ मुळे अमेरिकी उद्योगाला लाभ झाला; ज्या पेरूच्या डोंगरात ते झुडूप होते, तिथल्या माणसांना काय मिळाले? त्या काळी असा प्रश्न फारसा विचारला जात नसे. बी ही सगळ्या मानवजातीची ठेव, असे म्हटले जाई. १९९२ च्या रिओ परिषदेत जैवविविधतेचा करार झाला आणि डिसेंबर १९९३ पासून तो अमलात आला. आपल्या हद्दीतल्या जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क मान्य झाला. भारतानेही २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला. हे न्यायाचेच झाले. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पिकांचे बी सुलभपणे देण्याघेण्यासाठी २००१ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत टोमॅटो नाही. त्यामुळे नवे रानटी नमुने एका देशातून दुसऱ्या देशात जाणे कठीण झाले आहे.

आणि रान तर थांबून राहत नाही. पेरूच्या किनाऱ्याकडच्या दऱ्यांत शेती आणि वस्ती वाढली, गालापागोसवर माणसाने नेलेल्या शेळ्यांनी झाडोरा फस्त केला. पूर्वी जिथे बी मिळाले होते, त्यांतल्या काही जागी आता ते झुडूपच उरलेले नाही. त्याचा वंश फक्त पाकिटात आहे. पाकिटातले बी जिवंत राहते, पण शिकत नाही. नव्या किडीशी, नव्या उन्हाशी झुंजून नवे शहाणपण कमावते ते रानातलेच झाड. म्हणून पेढीही हवी आणि रानही हवे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आपल्या घरातही याची साक्ष आहे. भेंडीवर पिवळ्या शिरांचा रोग आला की पीक हातचे जाते. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीचा रानभेंडीच्या एका जातीशी संकर केला आणि त्यातून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ हे वाण आले. कोइमतूरला ऊस आणि रानातले कांस गवत यांच्या संकरातून विसाव्या शतकाच्या आरंभी जे वाण निघाले, त्यांनी भारतातल्या उसाच्या शेतीचे रूपच बदलले. गावरान वाण जपणाऱ्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. पण गावरान वाणाला निदान चव असते, आठवण असते, जपणारी राहीबाई असते. बांधावरच्या रानभेंडीला, कडू रानवांग्याला असे कुणी नसते. ते तण म्हणून उपटले जाते किंवा रस्त्याच्या रुंदीकरणात गाडले जाते. त्याबरोबर काय गेले, याची नोंदही होत नाही.

जनुकपेढीला लागणारा पैसा फार मोठा नसतो. वीज, थोडी माणसे, काचघर आणि सलग लक्ष, एवढेच. अडचण अशी, की या खर्चाचे फळ पाच वर्षांत दिसत नाही, कधी पन्नास वर्षांत दिसते. १९६२ मध्ये उचललेल्या बियाचा उपयोग कळायला पंधरा-वीस वर्षे गेली. आज ठेवलेल्या पाकिटाचा उपयोग कदाचित आपल्या नातवंडांना होईल, कदाचित कधीच होणार नाही. पण कोणते पाकीट कामी येईल हे आधी कळत नसल्याने सगळीच ठेवावी लागतात. आज ज्याची गरज नाही ते जपण्यालाच खरी दूरदृष्टी म्हणतात, आणि अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा नेमके तेच आधी कापले जाते. पुढच्या वेळी टोमॅटो चिरताना भावाचा विचार तर मनात येईलच. त्याच्या जोडीला अँडीजच्या दगडांत उभ्या असलेल्या त्याच्या त्या कळकट सोयऱ्यांचाही विचार येऊ द्यावा. त्यांचे देणे अजून आपल्याकडे बाकी आहे.